रोहितला तेव्हाच विकायला हवं होतं

शीर्षक वाचूनच अर्ध्या मंडळींनी बाह्या सरसावल्या असतील. सरसावा. पण आधी शेवटपर्यंत वाचा, मग काय घालायच्या त्या शिव्या घाला.

मुद्दा सरळ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणलं. त्याच आठवड्यात त्यांनी रोहित शर्मासमोर बसायला हवं होतं, "तुझ्यानंतरचा संघ आम्ही बांधतोय" असं तोंडावर सांगायला हवं होतं आणि त्याच्या संमतीने त्याचा करार दुसऱ्या संघाकडे वळवायला हवा होता. पूर्ण सन्मानाने, पूर्ण किमतीला. त्यांनी काय केलं? कर्णधारपद काढून घेतलं, माणूस ठेवला, पगारही तसाच ठेवला. याला ना व्यवहार म्हणतात, ना माया. धड ना हे, धड ना ते.

सध्या वर्क फ्रॉम होमच्या कृपेने दोन आठवडे गावी आहे. गाव म्हणजे गिरड. (कुठे आलं? वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. टेकडीवरच्या शेख फरीद बाबांच्या दर्ग्यासाठी लोकांना माहीत असतं, नाहीतर नसतं.) इथे पानठेल्यावर हा विषय काढला तर ओळखीचे एक काका उखडलेच. "काहून बे, पुण्याले जाऊन लयच हिशेबी झाला तू. मानूस का बैल आहे का विकाले?" रोहितबद्दल आमच्या भागात जरा जास्तच हळवेपणा आहे, कारण गडी वाढला बोरिवलीत असला तरी जन्मला नागपूरच्या बनसोडमध्ये. म्हणजे आपलाच पोरगा.

काकांना तिथे जे उत्तर दिलं ते पान थुंकायच्या आत संपवावं लागलं. इथे सविस्तर देतो.

आधी तारखा बघू, कारण सगळी गंमत तारखांमध्येच आहे.

१९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबाद. वर्ल्ड कपची फायनल आपण हरलो, पण त्याआधी सलग दहा सामने जिंकलो होतो आणि कर्णधार रोहित होता. स्पर्धेत त्याच्या ५९७ धावा, त्याही पहिल्या चेंडूपासून फटकेबाजी करत. हरूनही त्याची इज्जत वाढली होती. बाजाराच्या भाषेत सांगायचं तर शेअर शिखरावर होता.

त्यानंतर आठवड्याभरात हार्दिकचा सौदा झाला. १५ कोटींचा पगार घेऊन तो मुंबईत आला, आणि ही जागा करण्यासाठी मुंबईने कॅमेरून ग्रीनला, त्याच्या १७.५० कोटींसकट, बंगळुरूकडे पाठवलं. म्हणजे ट्रेड कसा करतात, करार दुसऱ्याच्या वहीत कसा ढकलतात, हे मुंबईला उत्तम येत होतं. चोवीस वर्षांच्या, नुकतंच शतक ठोकलेल्या ग्रीनला विकताना कुणाचाही हात थरथरला नाही.

मग १५ डिसेंबर. हार्दिक कर्णधार झाल्याची घोषणा. सूर्यकुमारने तुटलेल्या हृदयाचं चित्र टाकलं, लोकांनी जर्सी जाळल्या वगैरे वगैरे. पण तारीख नीट बघा. आयपीएलचा लिलाव होता १९ डिसेंबरला. ट्रेडची खिडकी लिलावाच्या आठवडाभर आधी बंद होते. म्हणजे घोषणा अशा वेळी झाली की ट्रेडची खिडकी बंद, आणि इतर संघांचे पैसे चार दिवसांत लिलावात उडणार. लिलावानंतर खिडकी परत उघडते हे खरं, पण तोवर ज्यांच्याकडे १६ कोटी होते त्यांच्याकडे १६ लाखही उरलेले नसतात. मला सांगा, एखाद्या कंपनीने अप्रेझलची मुदत संपल्यावर तुम्हाला सांगितलं की तुमचं टीम लीडचं काम काढून घेतलंय, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

आता आकडे. कारण भावना प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, सरासरी एकच असते.

२०१७ ते २०२३ असे सलग सात मोसम घ्या. या सातांपैकी एकाही मोसमात रोहितची आयपीएलमधली सरासरी तीसच्या वर गेली नाही. २०२२ मध्ये २६८ धावा, सरासरी १९, आणि पूर्ण मोसमात एकही अर्धशतक नाही. त्या वर्षी मुंबई दहापैकी दहावी. २०२३ मध्ये ३३२ धावा, सरासरी एकवीसच्या आत. आणि या काळात पगार? २०१४ मध्ये १२.५० कोटी, २०१८ मध्ये १५ कोटी, २०२२ मध्ये १६ कोटी. धावांचा आलेख उताराला आणि पगाराचा चढाला. कापसाला असा भाव मिळाला असता तर आमच्या तालुक्यात आज बंगले असते.

"पण तो कर्णधार होता ना! पाच ट्रॉफ्या!" बरोबर. २०१३, १५, १७, १९, २०. एकाही माणसाने हे विसरू नये. १६ कोटींमध्ये फलंदाजीचे किती आणि कर्णधारपदाचे किती, हे कुणी वेगळं लिहून ठेवलेलं नसतं, पण सरासरी वीस असलेल्या सलामीवीराला १६ कोटी फक्त फलंदाजीसाठी कुणी देत नाही हे लहान पोरालाही कळतं. त्यातला मोठा वाटा कर्णधाराचा होता. मग कर्णधारपद काढल्यावर उरलं काय? एक छत्तिशीचा सलामीवीर, कर्णधाराच्या पगारावर. संघाची पूर्ण पुंजी १०० कोटी, त्यात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू बसवायचे, आणि सहावा हिस्सा एका अशा माणसावर ज्याचं मुख्य काम तुम्हीच काढून घेतलंय!

उरलेल्या पैशांत मुंबईने त्या लिलावात काय घेतलं तेही आठवा. कोएत्झी, मदुशंका, थुशारा. सगळे वेगवान. मदुशंका तर दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही. फिरकीची मदार पस्तिशीतल्या पीयूष चावलावर. २०२४ मध्ये १४ पैकी ४ विजय, परत दहावा नंबर. १६ कोटी मोकळे असते तर चित्र किती बदललं असतं, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण रिकाम्या खिशाने बाजारात गेलं की वांगी कुठली मिळतात हे आईला विचारा.

इथे जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण या धंद्यातली पीएचडी तिकडे बास्केटबॉलवाल्यांनी केलेली आहे.

एनबीएमध्ये करार साधारणपणे पक्का असतो. खेळाडू फॉर्मात असो नसो, ठरलेले पैसे द्यावेच लागतात, आणि तो आकडा संघाच्या पगार-मर्यादेला चिकटून बसतो. त्यामुळे उतरणीला लागलेला महागडा खेळाडू म्हणजे गळ्यातलं लोढणं. रसेल वेस्टब्रूकचंच बघा. एकेकाळचा एमव्हीपी. लॉस एंजेलिसचाच पोरगा, म्हणून २०२१ मध्ये लेकर्सने वाजतगाजत आणला. २०२२-२३ मध्ये पगार सुमारे ४.७ कोटी डॉलर, आणि अवस्था अशी की त्याला सुरुवातीच्या पाचातून काढून बाकावर बसवलेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये लेकर्सने अखेर त्याला युटाकडे पाठवलं. फुकट नाही. वर भविष्यातला, २०२७ चा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्कही द्यावा लागला. म्हणजे "हा माणूस घ्या आणि वर ही भेटही घ्या". बदल्यात तीन कामाचे खेळाडू आले. सौद्याच्या वेळी लेकर्स आपल्या विभागात तेरावे होते. मोसम संपला तेव्हा ते विभागाच्या अंतिम फेरीत होते. तिथे डेन्व्हरने ४-० धुतलं, पण तिथवर पोचले. आणि वेस्टब्रूक? युटाशी हिशेब मिटवून लेकर्सच्याच शहरातल्या क्लिपर्सकडे गेला आणि तिथे सुखाने खेळला. कुणाचं काही बिघडलं नाही.

आता आपल्याकडचा फरक लक्षात घ्या. आयपीएलमध्ये अडकवणारा पक्का करार नसतोच. संघाला वाटलं तर मोसम संपल्यावर खेळाडू सोडून द्यायचा, त्याची पूर्ण रक्कम पुंजीत परत. लेकर्सला लोढणं काढायला भविष्य गहाण ठेवावं लागलं, मुंबईला फक्त एक प्रामाणिक बैठक घ्यायची होती. म्हणून तर मुंबईची चूक जास्त मोठी. सक्ती नसताना केलेली चूक आहे ती.

कुणी म्हणेल, मग सरळ रिलीज करायचं, ट्रेडचं कशाला?

कारण रिलीज हा खेळाडूचा अपमान होऊ शकतो, ट्रेड सहसा होत नाही. रिलीज केलेला माणूस लिलावात जातो आणि तिथे हातोड्याखाली काय होईल सांगता येत नाही. वेंकटेश अय्यरचं ताजं उदाहरण आहे. कोलकात्याने २०२५ साठी त्याला २३.७५ कोटींना घेतलं. ११ सामन्यांत १४२ धावा. त्यांनी सोडून दिलं आणि डिसेंबर २०२५ च्या लिलावात तो बंगळुरूला ७ कोटींना गेला. एका वर्षात पावणेसतरा कोटी हवेत.

आता मोहम्मद शमी बघा. हैदराबादने १० कोटींना घेतला, २०२५ च्या मोसमात ९ सामन्यांत ६ विकेट आणि षटकामागे अकराच्या वर धावा. हैदराबादने त्याला लिलावात फेकला नाही, लखनौला ट्रेड केला. शमीचे १० कोटी शाबूत. जडेजाचंही तेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने त्याला राजस्थानकडे पाठवलं आणि संजू सॅमसन घेतला. जडेजाची रक्कम १८ वरून १४ कोटींवर आली, पण परस्पर ठरवून आली, टीव्हीवर चारचौघांत नाही. आणि गेला कुठे? २००८ मध्ये जिथे सुरुवात केली त्या राजस्थानकडेच. चेन्नईवाले रडले, साहजिक आहे. पण सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यात बघून सौदा केला.

शिवाय ट्रेडला खेळाडूची संमती लागते, आणि संघांमध्ये जी जास्तीची रक्कम ठरते तिच्यातला वाटा खेळाडूलाही मिळू शकतो. काका, ऐकताय ना? बैलाला कुणी विचारत नाही की बाबा तुला कोणत्या गोठ्यात जायचंय. इथे विचारतात. रोहित "नाही" म्हणाला असता तर विषय तिथेच संपला असता, आणि मुंबईला म्हणता आलं असतं की आम्ही विचारलं होतं.

"पण घेतलं कुणी असतं?" हा पुढचा प्रश्न. अहो, त्याच लिलावात हैदराबादने पॅट कमिन्सवर २०.५० कोटी लावले. कशासाठी? त्याला कर्णधार करण्यासाठी. केलाही, आणि २०२४ मध्ये हैदराबाद थेट फायनलला. म्हणजे वर्ल्ड कप फायनल खेळलेल्या कर्णधाराला बाजारात गिऱ्हाईक होतं, तेही रोहितच्या पगाराहून साडेचार कोटी जास्त मोजणारं. त्यात हैदराबाद! २००८ मध्ये रोहितची आयपीएल सुरू झाली ती हैदराबादच्याच डेक्कन चार्जर्सकडून, २००९ ची ट्रॉफीही त्याने तिकडूनच उचलली. फ्रँचायझी आता वेगळी आहे, पण शहर तेच. पोस्टर छापायला यापेक्षा काय लागतं?

हे झालं नाही. त्याऐवजी जे झालं ते आपण २०२४ च्या उन्हाळ्यात बघितलं. अहमदाबादमध्ये हार्दिकची हुर्यो. ठीक, तिकडचा सोडून आलेला. पण १ एप्रिलला वानखेडेवर, स्वतःच्या मैदानावर, मुंबईच्याच लोकांनी मुंबईच्या कर्णधाराची हुर्यो उडवली. नाणेफेकीला मांजरेकरांना प्रेक्षकांना सांगावं लागलं की नीट वागा. एका संघात रोहित, हार्दिक, सूर्या, बुमराह असे भारताचं नेतृत्व केलेले चौघं. मैदानावर हार्दिक क्षेत्ररचना लावतोय आणि कॅमेरा रोहितचा चेहरा शोधतोय. दोन्ही माणसं चांगली. दोघांची फरपट. ज्यांनी हा निर्णय घेतला ते मात्र वातानुकूलित बॉक्समध्ये.

ही फरपट ट्रेडने टळली असती. आठ दिवस रडारड झाली असती, मग रोहित दुसऱ्या जर्सीत वानखेडेवर आला असता आणि अख्ख्या मैदानाने उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. हार्दिकलाही मोकळा श्वास मिळाला असता.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. टाळणार नाही, कारण ते दमदार आहेत.

पहिला, "उतरणीला लागलेला म्हणतोस, मग २०२४ चा टी-२० वर्ल्ड कप कुणी जिंकून दिला?" रोहितनेच. २५७ धावा, दीडशेच्या वर स्ट्राइक रेट. बार्बाडोसच्या त्या रात्री मीही नाचलोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन वनडे मालिकेचा मानकरी ठरला, तेही अडतिसाव्या वर्षी. पण भारतासाठीचा रोहित आणि दोन महिन्यांच्या आयपीएलमधला रोहित यांच्यात फरक आहे हे आकडेच सांगतात. त्यातही २०२४ आणि २०२५ च्या मोसमांत त्याने ४१७ आणि ४१८ धावा केल्या, आधीपेक्षा बऱ्या. चेन्नईविरुद्ध नाबाद १०५, गुजरातविरुद्ध एलिमिनेटरमध्ये ८१. मान्य. यावर माझं म्हणणं एवढंच की माल चांगला असतानाच विकायचा असतो! पूर्ण विझलेल्या खेळाडूला कोण घेतं? शिवाय २०२५ मध्ये तो बहुतेक सामन्यांत इम्पॅक्ट प्लेअर होता, म्हणजे फलंदाजी करायची आणि फील्डिंगला डगआउटमध्ये. १६.३० कोटी, अर्ध्या सामन्याचे. त्या वर्षी पाच खेळाडू राखण्यात मुंबईचे १२० पैकी ७५ कोटी गेले आणि बाकी अख्खा संघ ४५ कोटींत बसवावा लागला. क्वालिफायर टू मध्ये २०३ धावा करूनही हरले. कुणाकडून? आपल्याच मुंबईकर श्रेयस अय्यरकडून, जो तेव्हा पंजाबचा कर्णधार होता. असो.

दुसरा मुद्दा निष्ठेचा. "ज्याने पाच ट्रॉफ्या दिल्या त्याला असं काढतात का?" मंडळी, रोहित कर्णधार झाला कसा ते आठवा. २०१३ मध्ये मुंबईचा कर्णधार होता रिकी पाँटिंग. दोन वर्ल्ड कप जिंकलेला कर्णधार, कुणी लुंगासुंगा नव्हे. सहा सामने झाले, बॅटमधून धावा निघेनात, आणि पाँटिंग स्वतः बाजूला झाला. मधल्या मोसमात. त्या खुर्चीत २५ वर्षांचा रोहित बसला आणि त्याच वर्षी पहिली ट्रॉफी आली. पाँटिंगच्या नावाला जपत बसले असते तर ती आली असती का? मुंबईचं सगळं वैभव ज्या एका कठोर निर्णयातून निघालं, तोच निर्णय दहा वर्षांनी परत घ्यायची वेळ आली तेव्हा अर्धाच घेतला.

तिसरा मुद्दा आमच्या काकांचा. बैलाचा. "घरच्या बैलाले म्हातारपणी कोनी बाजार दाखवत नाही." वाक्य सुंदर आहे, आणि ज्या घरात ते पाळलं जातं त्या घराला नमस्कार. पण पाळणारा शेतकरी काय करतो? म्हाताऱ्या बैलाला गोठ्यात बांधतो, कुटार टाकतो, पोळ्याला सगळ्यात आधी त्याला ओवाळतो. त्याला डवऱ्याला जुंपत नाही. आणि त्याच्या कुटाराचा खर्च बियाण्याच्या पैशातून काढत नाही. मुंबईने नेमकं उलट केलं. जू काढलं, पण औताला बांधून ठेवलं, आणि खर्च बियाण्यातून.

मान आणि भाव ही दोन वेगळी खाती आहेत, हे माझं सगळं म्हणणं. एका खात्यातले पैसे दुसऱ्यात टाकले की दोन्ही बुडतात. धोनीचं चेन्नईने काय केलं बघा. २०२५ साठी त्याला ४ कोटींवर ठेवलं. नियमाची पळवाट होती, लोक हसलेही, पण हिशेब चोख. भाव चार कोटी, मान अमर्याद. आणि १६ मे २०२५ ला मुंबई क्रिकेट असोसिएशनने वानखेडेच्या एका स्टँडला रोहित शर्माचं नाव दिलं. याला म्हणतात मान देणं. स्टँड कधी फॉर्म गमावत नाही, त्याचा पगार पुंजीतून जात नाही, आणि आपली नातवंडंही तिथे बसून सामना बघतील.

आमच्या गिरडच्या टेकडीवर छोटे गोल गोटे सापडतात. भूशास्त्रवाले त्यांना झिओलाइट म्हणतात. गावातली कथा वेगळी आहे. दोन फिरते व्यापारी माल घेऊन चालले होते, त्यांनी फकिराची टर उडवली, तर बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड केले. व्यापारी पाया पडले, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. लहानपणापासून ऐकतोय. त्या गोट्यांना आमच्याकडे मान आहे, बाजारभाव नाही. प्रत्येक संघमालकाने ही कथा ऐकावी असं मला वाटतं. तुमच्या गाडीतल्या मालाचाही एक दिवस दगड होणार, कारण वय कुणालाच चुकलेलं नाही. आणि वाळक्या पानांचा नवा माल करून देणारा बाबा लिलावाच्या टेबलावर बसलेला नसतो.

आणि आपण विदर्भवाल्यांनी तर ट्रेडला नावं ठेवूच नयेत. २०१५ मध्ये वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडून खेळायला आला. वय ३७. रणजीत सगळ्यात जास्त धावा करणारा माणूस, मुंबईचा हिरा. तो आला तेव्हा "संपलेला खेळाडू आणलाय" म्हणणारे इथेही होतेच. दुखापतीमुळे एक मोसम वाया गेला तर पुढच्या, २०१७-१८ च्या मोसमात हा माणूस विदर्भाकडून बिनपगारी खेळला. त्याच मोसमात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फझल कर्णधार, आणि विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली. इंदूरला, १ जानेवारी २०१८. पुढच्या मोसमात जाफरने चाळिशी पार करताना १०३७ धावा ठोकल्या आणि रणजी परत नागपूरला. मुंबईत राहिला असता तर काय झालं असतं? दरवर्षी "आता पोरांना जागा द्या" हे ऐकत एखाद्या मोसमात शांतपणे बाहेर झाला असता. घर बदललं म्हणून माणूस फुलला. काही झाडं उपटून दुसरीकडे लावली की परत फळ धरतात.

मान आणि भाव कसे वेगळे करतात याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. भाव शून्य घेऊन तो खेळला, आणि विदर्भात त्याला मान किती आहे ते इथल्या कोणत्याही क्रिकेटवेड्याला विचारा.

शेवटचा मुद्दा वैयक्तिक, म्हणजे तुमच्या-माझ्यावर येणारा. पुण्यातला एक मित्र म्हणाला, "आज अठ्ठाविसाव्या वर्षी बोलायला सोपं आहे रे. चाळिशीला तुझा पगार फुगलेला असेल, जावाला कुणी विचारत नसेल, तेव्हा तुझी कंपनी तुला ट्रेड करेल. चालेल का?"

विचार केला. चालेल. खरंच चालेल, जर मला समोर बसवून सांगितलं, विचारलं, आणि माझी किंमत न पाडता अशा ठिकाणी पाठवलं जिथे माझी गरज आहे. आपल्या धंद्यात काय होतं ते आपण सगळे बघतो. उत्तम आर्किटेक्ट असतो, पंधरा वर्षं प्रॉडक्ट खांद्यावर वाहिलेला. एक दिवस त्याच्या डोक्यावर नवा माणूस येतो. जुन्याला कुणी काढत नाही, काढायला वाईट वाटतं ना! त्याला "प्रिन्सिपल ॲडव्हायजर" करतात. मीटिंगला बोलावतात, पण विचारत नाहीत. पगार चालू, काम बंद. टीममधली पोरं दोन गटांत विभागली जातात, आणि दोन वर्षांनी तो माणूस स्वतःच, आतून पोखरलेला, राजीनामा देतो. मग एचआर केक कापतं. मी हे जवळून बघितलंय. लाथ मारून काढलं असतं तर तो माणूस सहा महिन्यांत दुसरीकडे उभा राहिला असता. या "आम्ही सांभाळून घेतोय" प्रेमाने त्याला आडवा केला.

म्हणून मला ट्रेड क्रूर वाटत नाही. क्रूर आहे ते माणसाला त्याच्या जुन्या नावाच्या पगारावर अडगळीत ठेवणं आणि वर त्याला निष्ठा म्हणणं. खेळाडूला घ्यायचं असेल तर उद्या तो काय करेल यावर घ्या. त्याने काल जे केलं त्याचं ऋण फेडायचं असेल तर स्टँड बांधा, पुतळा उभारा, जर्सीचा नंबर कायमचा बाजूला ठेवा, निरोपाचा सामना द्या. दोन्ही करा. पण एकाच चेकवर नाही.

आणि ज्या दिवशी ठरवाल की पुढचा संघ या माणसाशिवाय बांधायचा, त्या दिवशी त्याला सगळ्यात आधी सांगा. खिडकी उघडी असताना.